ठिपक्याकडे बघा

माझ्या थोरल्या साडूंनी गेल्या कित्येक वर्षांत जगातली कुठलीही गोष्ट सरळ समोरून बघितलेली नाही. समोर ते फक्त एक ठिपका बघतात. बाकीचं जग त्या ठिपक्याच्या डावी-उजवीकडे आपापलं चाललेलं असतं आणि त्यातलं काय कुठल्या बाजूने दिसलं, एवढ्याच हिशेबात हा माणूस जगतो. ठिपका नसेल तिथे ते तो मनाने काढून घेतात. लग्नाच्या मांडवात बोहल्यावरच्या आंतरपाटावर, किराणा दुकानात काट्याच्या मधल्या खिळ्यावर, आणि आमच्या घरी आले की माझ्या दोन भुवयांच्या मधोमध. त्यामुळे ते माझ्याशी बोलताना मला नेहमी वाटतं, माझ्या कपाळाला काहीतरी लागलंय.

गंगाखेडच्या एका कॉलेजात ते मानसशास्त्र शिकवायचे. सगळे त्यांना सर म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. ते मला साडूभाऊ म्हणतात. मी मानवतला तहसीलात कारकून. माझ्या टेबलावर येणारी माणसं समोरूनच येतात आणि समोरूनच जातात, त्यामुळे डावं-उजवं करायची मला सवय नाही. सरांचा मात्र सगळा संसारच त्यावर उभा होता. त्यांना एकच ध्यास होता, रिटायर व्हायच्या आत आपला प्रबंध पुरा व्हावा आणि नावाआधी ‘डॉ.’ लागावं. प्रबंधाचा विषय त्यांनी मला निदान शंभरदा सांगितला असेल. तो मला दर वेळी समजायचा आणि घरी येईपर्यंत पुन्हा उलटा व्हायचा.

ते सांगायचे ते असं. माणसाने नजर मधोमध रोखली आणि पापणी लवायच्या आत बाजूला काही चमकून गेलं, तर डावीकडे चमकलेलं आधी उजव्या मेंदूत जातं आणि उजवीकडे चमकलेलं डाव्या मेंदूत. अक्षरं वाचायची तर साधारणपणे उजवी बाजू बरी, चेहरे ओळखायचे तर डावी. इथपर्यंत आलं की मी चटकन एक डोळा झाकून खात्री करून घ्यायचो. “डोळा झाकू नका, साडूभाऊ,” सर कळवळून म्हणायचे, “डोळ्याचा काही संबंध न्हाई. दोन्ही डोळ्यांना डावी बाजू असती.” बघण्याच्या शास्त्रात डोळ्याचा संबंध नाही, हे ऐकल्यावर माझ्यासारख्याने काय करावं? त्यातून ते पुढे जायचे. हे सगळंसुद्धा कायम नसतं म्हणे. त्या माणसाला तुम्ही काय काम सांगता त्यावर बाजू फिरते. चेहरा तोच, जागा तीच. पण ‘नाव सांग’ म्हटलं तर एक निकाल आणि ‘मघाचाच आहे का दुसरा, एवढंच सांग’ म्हटलं तर दुसरा. म्हणजे माणसाला काय दिसतं, हे त्याला काय विचारलंय त्यावर ठरतं. मी मान डोलवायचो. आमच्या तहसीलातही तसंच आहे, असं एकदा म्हणालो तर ते खूश झाले, आणि ते खूश का झाले हेही मला कळलं नाही.

या शास्त्रावर त्यांची नुसती श्रद्धा नव्हती, आचरण होतं. एकदा माझ्या मेव्हण्याला आणायला ते गंगाखेडच्या एसटी स्टँडवर गेले. बसची पाटी ही अक्षरं, म्हणून ती उजवीकडे राहावी. पाहुणा हा चेहरा, म्हणून तो डावीकडून यावा. असा बेत करून ते मधोमध उभे राहिले आणि समोरच्या रसवंतीच्या चरकावर नजर रोखली. बस आली, मेव्हणा उतरला, त्याने दोनदा हाक मारली, शेवटी रिक्षा करून घरी आला. सर दुपार कलल्यावर परतले. मेव्हणा जेवून झोपला होता. “आले वाटतं,” सर म्हणाले. त्यांना वाईट वाटलंच नाही. डावीकडून कुणीतरी ओळखीचं गेल्याचं त्यांच्या ध्यानात आलं होतं म्हणे, फक्त नाव सांगायचं काम तेव्हा मेंदूला दिलेलं नव्हतं.

दुसऱ्यांदा त्यांनी आमच्याच पुतण्यासाठी मुलगी बघायला येण्याची कृपा केली. मुलीकडच्यांच्या बैठकीत शिरल्या शिरल्या त्यांनी खुर्च्या हलवायला घेतल्या. मुलगी मुलाच्या डाव्या हाताला बसली पाहिजे, म्हणजे चेहरा मनात पक्का बसतो. आणि मुलाने समोर कॅलेंडरच्या खिळ्याकडे बघत राहायचं. पुतण्या गरीब. त्याने पोहे संपेपर्यंत खिळ्यावरची नजर काढली नाही. मुलीने विचारलेल्या दोन प्रश्नांची उत्तरंही त्याने खिळ्यालाच दिली. चार दिवसांनी मध्यस्थाकडून निरोप आला की मुलगा चांगला आहे, पण त्याचं मन कॅलेंडरच्या तारखेत आहे, तर लग्नाची एवढी घाई कशाला. पुतण्याचं पुढे दुसरीकडे जमलं. त्या बैठकीला सरांना नेलं नाही, हे त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही.

आणि जेवणाचं ताट. ताटाच्या डाव्या बाजूला चटणी-कोशिंबीर आणि उजव्या बाजूला भाजी वाढतात, यात आपल्या पूर्वजांनी मेंदूची वाटणी केलेली आहे, असं ते धोंड्याच्या महिन्यात पोखर्णीला आमच्या सासुरवाडीत जेवताना दर वेळी सांगायचे. एकदा सासूबाईंनी विचारलं, “मंग वरणभात मधी कामून?” सरांनी घास तसाच हातात धरून विचार केला. “ठिपका,” ते शेवटी म्हणाले.

प्रयोगासाठी माणसं लागायची, ती नातेवाइकांतूनच यायची. सर लॅपटॉप घेऊन बारशाला जायचे, मुंजीला जायचे, आणि जेवणं उरकली की एकेकाला खोलीत बोलावायचे. “ठिपक्याकडे बघा,” ते म्हणायचे, आणि बाजूला चेहरा चमकून जायचा. दिसला की नाव सांगायचं. सुरुवातीला त्यांनी अनोळखी लोकांचे फोटो लावून त्यांना मनाने नावं दिली होती आणि ती आधी पाठ करायला सांगितली होती. ते काही जमलं नाही. आमच्या बायका पहिला फोटो आला की विचारायच्या, ह्यो कोणच्या गावचा, ह्याचं लगीन झालंय का. आणि परका आहे म्हटल्यावर त्यांचं लक्षच उडायचं. मग सरांनी घरच्याच माणसांचे फोटो लावले. भाऊ, दीर, भाचे, नवरा. इथे प्रबंधाला अचानक दिशा सापडली.

झालं असं की, साठीच्या पुढच्या बायका भावाचं नाव झटकन सांगायच्या, भाच्याचं सांगायच्या, चुलत जावेच्या मुलाचंसुद्धा सांगायच्या. फक्त स्वतःच्या नवऱ्याचा चेहरा चमकला की गप्प. फार तर “न्हाई दिसलं” म्हणायच्या. नवऱ्याचा फोटो सरांनी मुद्दाम डावीकडे ठेवलेला, चेहऱ्याला ती बाजू चांगली म्हणून. तरी दिसेना. गंगाखेडच्या बायकांना दिसेना, मानवतच्या बायकांना दिसेना, पोखर्णीला आमच्या सासूबाईंना दिसेना. सर हर्षाने वेडे झाले. जो चेहरा आयुष्यभर रोज समोर असतो, त्याची दखल घ्यायचं मेंदू हळूहळू सोडून देतो, असा सिद्धांत त्यांनी मांडला. त्यावर प्रबंधाचं एक मोठं प्रकरण लिहिलं. माझ्या थोरल्या मेहुणीबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, ते प्रकरण ऐकून “हं” एवढंच म्हटलं. त्या ‘हं’मध्ये मला पुष्कळ काही ऐकू आलं होतं, पण सरांचं लक्ष नेहमीप्रमाणे मधोमध होतं.

प्रबंध टाइप होऊन तयार झाला. आता फक्त सादर करायचा. आणि त्याच सुमारास सासूबाईंना झटका आला.

झटका म्हणजे फार मोठा नव्हता. हातपाय वाचले, बोलणंही वाचलं, थोडं अडखळायचं एवढंच. पण परभणीच्या डॉक्टरांनी सांगितलं की डाव्या बाजूच्या नजरेला मार बसलाय. ते खरंच होतं. घरी आणल्यावर त्या डावीकडच्या चौकटीला धडकायच्या. ताटातली भाजी संपायची आणि चटणी-कोशिंबिरीकडे हातच जायचा नाही. डॉक्टरांनी असंही सांगितलं होतं की त्यांना बोलतं ठेवा, माणसं ओळखायला लावा, नावं विचारत जा. नातवंडांनी हे काम फार मनावर घेतलं. दिसेल त्याला पुढे करून ती विचारायची, “आजी, हे कोण? नाव सांग.” आजी सांगायची. मुलाचं, सुनेचं, शेजारणीचं, सगळ्यांची नावं थांबत थांबत पण बरोबर. मग एकदा नातीने सासऱ्यांना खाटेजवळ बसवलं आणि विचारलं. सासूबाईंनी एकदा बघितलं आणि तोंड भिंतीकडे केलं. “काय की,” त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, पुन्हा तेच.

आमचे सासरे म्हणजे मोठ्या खटल्याचा, खणखणीत आवाजाचा माणूस. नरसिंहाच्या देवळापासून त्यांच्या शेतापर्यंत सगळ्यांना त्यांची हाक ओळखू यायची. ते एकदम बसलेच. खाटेच्या डाव्या अंगाला त्यांची खुर्ची असायची, ती त्यांनी स्वतः उचलून ओट्यावर नेली. घरात यायचे ते जेवायला, आणि तेही पाय न वाजवता. उभ्या जन्माच्या बायकोने आपल्याला ओळखू नये, हे त्यांनी कुणाजवळ बोलून दाखवलं नाही, पण डोक्याचा पटका नीट बांधायचंही सोडून दिलं. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

आम्ही दोघे साडू भेटायला गेलो, तेव्हा सासरे ओट्यावरच होते. चहापाणी झालं. सासऱ्यांनी सरांच्या लॅपटॉपच्या पिशवीकडे बोट केलं आणि म्हणाले, “जावईबापू, तुमच्या त्या मशिनीवर बगा एकदा. मला वळखती का न्हाई, तेवढं सांगा. बाकी काय इचारत न्हाई मी.”

सरांचा चेहरा उतरलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. कारण त्यांच्या शास्त्राप्रमाणे उत्तर ठरलेलंच होतं. झटक्याच्या आधीच सासूबाईंना हा चेहरा दिसत नव्हता. त्याचं त्यांनी एक सबंध प्रकरण लिहिलेलं होतं. आता तर डाव्या बाजूची नजरच अधू झालेली. पण सासऱ्यांनी कधी नाही ते काही मागितलं होतं. सरांनी खाटेसमोर स्टूल मांडलं, त्यावर लॅपटॉप ठेवला, सासूबाईंच्या पाठीशी उशी लावली. “मामी, ठिपक्याकडे बघा,” ते म्हणाले. आवाज नेहमीसारखा नव्हता. सासरे बाहेरच थांबले. मी दाराशी उभा राहिलो.

चेहरे चमकू लागले. उजवीकडचे त्या चटकन सांगत होत्या, डावीकडचे उशिराने, काही सुटत होते. मग सासऱ्यांचा फोटो आला, आधी उजवीकडे. “न्हाई दिसलं,” सासूबाई म्हणाल्या. सरांनी घाम पुसला. चार चेहरे मध्ये जाऊ दिले आणि फोटो पुन्हा लावला, या खेपेला डावीकडे. बराच वेळ काही नाही. “न्हाई दिसलं,” त्या पुन्हा म्हणाल्या.

इतकी वर्षं सर प्रयोग करत होते ते स्क्रीनकडे बघत. कोण काय म्हणतं तेवढं ऐकायचं आणि बटण दाबायचं. त्या दिवशी त्यांना स्क्रीनकडे बघवलं नसावं. ते सासूबाईंकडे बघत होते, समोरून, सरळ, कुठलाही ठिपका मध्ये न घेता. आणि एकदम त्यांनी हात वर करून सगळं थांबवलं.

“मामी,” ते म्हणाले, “दिसलं न्हाई म्हणता, मग डोक्यावर पदर कामून घेतला?”

सासूबाईंनी त्यांच्याकडे असं बघितलं, जणू विचारत होत्या, झटका आपल्याला आलाय की जावयाला. “मोकळ्या डोक्यानं बसू व्हय त्यांच्याम्होरं?”

“म्हणजे मामा दिसले तुम्हाला?”

“दिसले की.”

“मग नाव का न्हाई सांगितलं?”

“आता गं बया,” सासूबाई म्हणाल्या, “त्यांचं नाव कसं घ्यू मी?”

माझ्या डोक्यात सगळा गोंधळ उडाला. डावा मेंदू, उजवा मेंदू, सगळं एकमेकांत गेलं. सरांनी मात्र पुन्हा बटण दाबलं. नाव विचारलं नाही, काहीच विचारलं नाही. नुसते चेहरे जाऊ दिले. भाऊ गेला, मुलगा गेला, शेजारचे गेले. सासूबाईंचा हात मांडीवरच होता. मग डावीकडे सासऱ्यांचा चेहरा आला आणि गेला, आणि थोड्या वेळाने, सावकाश, तो हात वर आला आणि घसरलेला पदर पुढे ओढून खाली गेला. सरांनी पुन्हा दाखवला. पुन्हा हात वर आला. सरांचे डोळे भरून आले होते. माझेही आले होते, पण मला नक्की काय सिद्ध झालं ते अजून समजलेलं नव्हतं.

सर ओट्यावर गेले. “वळखतात,” एवढंच म्हणाले. बसल्या जागी सासऱ्यांनी पटका सोडला आणि नीट, घट्ट, पुन्हा बांधला. मग खुर्ची उचलून आत गेले. सरांनी त्यांना समजावलं की उजवीकडे बसा, तिकडून त्यांना लवकर दिसेल. ते त्यांनी मानलं नाही. ते डावीकडेच बसले. थोड्या थोड्या वेळाने उगीच खोकायचे आणि पदर हलतो का ते चोरून बघायचे. सासूबाईंना ते कळत होतं असं मला वाटतं, कारण एकदा त्यांनी पदर घेताना तोंडही लपवलं.

परतीच्या वाटेवर मी सरांना विचारलं की हे चेहरा उशिरा दिसणं नजरेचं का मेंदूचं का रीतिरिवाजाचं. ते खिडकीबाहेर बघत होते. “सगळ्याचं,” ते म्हणाले. मग म्हणाले, “साडूभाऊ, त्या सगळ्या बायांनी पदर घेतला होता. गंगाखेडच्या, मानवतच्या. मला आता आठवायलंय.” सरांना ही रीत माहीत नसेल, असं त्या बायकांपैकी कुणाच्या मनातही आलं नव्हतं. विचारलेल्या प्रश्नाचं त्यांनी आपल्या परीने सभ्य उत्तर दिलं होतं.

प्रबंध मग सादर झालाच नाही. त्यांच्या मार्गदर्शकांनी सोपी तोड काढली होती की म्हाताऱ्या बायका तेवढ्या वगळा, बाकीचं चालतंय. मीही तेच म्हणालो, मेहुणीबाईंनीही म्हटलं. सरांनी ऐकलं नाही. प्रश्न चुकीचा होता, उत्तरं नव्हे. आणि ज्यांनी खरी उत्तरं दिली त्यांनाच बाहेर काढायचं म्हणजे काय, असं त्यांचं म्हणणं. सगळं पहिल्यापासून करायला घेतलं. या खेपेला नाव नाही विचारायचं, हात बघायचे. पण तोवर रिटायर व्हायची वेळ आलीच. डॉक्टर व्हायचं राहून गेलं.

निरोपसमारंभाला जुन्या विद्यार्थ्यांनी कॉलेजच्या फाटकातून आत येताच दिसेल असा भला मोठा फ्लेक्स लावला होता. सरांचा फोटो, खाली मोठ्या अक्षरांत नाव, आणि नावाच्या आधी ‘डॉ.’. पोरांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांना वाटलं, एवढी वर्षं चाललंय तर झालंच असेल. सरांनी ते वाचलं आणि त्यांचा रंग उडाला. शिपायाकडून काळी चिकटपट्टी मागवून ते फ्लेक्सजवळ गेले. पाहुणे यायला लागले होते. सासरे सासूबाईंना धरून जीपमधून उतरले आणि थेट तिकडे गेले. काय करायलाय, म्हणून त्यांनी विचारलं. सर म्हणाले, मामा, हे खरं न्हाई, मी डॉक्टर झालेलो न्हाई, हे झाकायला पायजे.

सासऱ्यांनी त्यांच्या हातातली पट्टी काढून घेतली आणि आपल्या सदऱ्याच्या खिशात घातली. “ऱ्हाऊ द्या,” ते म्हणाले. “आमच्याकडून ऱ्हाऊ द्या ते.”

सासऱ्यांचा शब्द मोडायची सरांची हिंमत नव्हती आणि खोटं मिरवायची तयारी नव्हती. ते वळले आणि फ्लेक्सला पाठ लावून उभे राहिले. भाषणं झाली, हार झाले, शाल झाली. लोक म्हणत होते, सर बसा. सर बसले नाहीत. प्रत्येक फोटोला जाऊन तिथेच, त्याच जागी, जरा टाचा उंचावून उभे राहत होते, आणि मला वाटलं, आता यांचं काही नवीन सुरू झालं. घरी आल्यावर मी फोटो एकेक करून बघितले. सगळ्यांत फ्लेक्स स्पष्ट आलाय, नाव स्पष्ट आलंय, फक्त त्याच्या आधीचं ते एक अक्षर कुठेच दिसत नाही. ते दर वेळी बरोबर सरांच्या डोक्याआड गेलेलं आहे.